पानपाल दाखवणाऱ्या बाई

प्राणिसंग्रहालयाच्या अगदी मागच्या टोकाला, जिथवर पोचेपर्यंत थोरांचे पाय भरून आलेले असतात आणि लहानांचा हट्ट संपलेला असतो, एक लांबट काचघर आहे. छतालगतच्या बारीक नळ्यांतून दर वीस मिनिटांनी तिथे धुके सोडतात. ते पानांवर उतरेपर्यंत आतला उजेड हिरवट आणि दुधाळ होतो, माणसांचे आवाज आपोआप खाली येतात, आणि दारातून आत आलेला माणूस तळ्याच्या तळाशी चालत असल्यासारखा सावकाश पावले टाकू लागतो. या घरात सात पेट्या आहेत. सातही पेट्यांत प्राणी आहेत. पण पाहणाऱ्याला प्रथम दिसते ती केवळ झाडी. काडीसारखा किडा काडीवर असतो, पानासारखा किडा पानावर, आणि बेडूक ज्या शेवाळावर झोपतो त्या शेवाळाहून तो निराळा आहे हे त्याच्या आईलाही सांगता आले नसते.

शेवटची, खोलीएवढी मोठी पेटी पानपालीची. सुकत चाललेल्या पानासारखी शेपटी, कडेला कुरतडल्यासारखा आकार, पाठीवर शिरा उमटलेल्या. दिवसभर ती हलत नाही. या पेटीसमोर आठ वर्षे एक बाई उभ्या राहत आल्या. पगारपत्रकावर त्यांचे पद ‘दर्शक साहाय्यक’ असे होते. ते कोणी उच्चारल्याचे कोणाला आठवत नाही. सगळे त्यांना भिंगताई म्हणत.

हे नाव त्यांनी गिरणीतून आणले होते. त्याआधीची एकोणीस वर्षे त्या कापड तपासणीत होत्या. उतरत्या टेबलावरून कापड सरकत राही, खालून दिव्याचा उजेड येई, आणि समोर बसलेल्या बायका तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग हुडकून तिथे खडूची खूण करीत. इतर बायका शंका आली की भिंग उचलत. यांचे भिंग गळ्यात नुसते लोंबत असे. त्या दोष शोधत नसत. वीण डोळ्यांसमोरून वाहू देत, आणि ती जिथे अडखळे तिथे बोट ठेवीत.

त्या खात्यात एक रीत होती. दर तासाला मुख्य तपासणीस बाई टेबलावर कात्रीची मूठ आपटत, आणि साऱ्याजणी माना वर करून पाच मिनिटे समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत बसत. नव्या मुली हसत. “काय गं, भिंतीचा सिनेमा सुरू झाला वाटतं?” मुख्य बाई मात्र या बाबतीत कठोर होत्या. एकच नक्षी फार वेळ पाहणारा डोळा काही काळाने ती स्वतःच विणू लागतो, तुटलेला धागा परस्पर सांधून टाकतो, असे त्या सांगत. “कापड फसवत नाही गं. डोळा शहाणा होतो, आणि शहाणा डोळा काही कामाचा नाही.”

गिरणी बंद पडली तेव्हा बायका चहूकडे पांगल्या. भिंगताई एका रविवारी नवऱ्याबरोबर प्राणी बघायला आल्या, शेवटच्या पेटीसमोर चिडलेला घोळका पाहून थबकल्या, आणि म्हणाल्या, “अहो, ती काय समोर.” त्या वेळचे अधीक्षक मागेच उभे होते. पुढच्या सोमवारी त्या कामावर रुजू झाल्या.

त्यांची दाखवण्याची पद्धत साधी होती. “पाल शोधू नका,” त्या म्हणत. “पानं बघा. प्रत्येक पानाला देठ असतो. ज्याला देठ नाही ते पान शोधा.” मग बोट काचेपासून वीतभर दूर ठेवून त्या ते पान दाखवीत, आणि घोळक्यातून “अय्या!” उमटे. एका गृहस्थांनी एकदा फारच तक्रार केली. “बाई, आमच्या स्वयंपाकघरात पाल फुकट दिसते. हाकलली तरी जात नाही. इथं तिकीट काढून दिसत नाही, म्हणजे कमाल आहे!”

“तुमच्या पालीची भीड चेपलीय,” भिंगताई म्हणाल्या. “ही नवी सून आहे असं समजा. जरा वेळ द्या.”

गृहस्थांच्या बायकोने मान हलवली. “ऐका. सोळा वर्षं झाली, मला पण वेळ दिला नाहीत.”

नवे अधीक्षक आल्यावर प्रत्येक पेटीशेजारी दोन बटणे बसली. हिरवे ‘दिसले’, लाल ‘दिसले नाही’. महिनाअखेर बेरीज होई, आणि जिथे लाल अधिक, तिथली झाडी विरळ करून वर दिवा लावला जाई. अधीक्षक दुष्ट नव्हते. लोक दुरून येतात, मुले खांद्यावर घेऊन येतात, त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवणे त्यांना अन्यायाचे वाटे, आणि हा विचार खोटा म्हणता येत नाही. बेडकाची पेटी पहिल्यांदा विरळ झाली. आता तो सर्वांना दिसे. पाणी वाहून जाण्याच्या जाळीला पोट चिकटवून, अंग आखडून, तो दिवसभर कोपऱ्यात बसे. सहा आठवड्यांत त्याचा रंग जुन्या साबणासारखा झाला. पानपालीची पेटी तेवढी वाचली, कारण तिचे हिरवे बटण सतत वाजत राही. ते का वाजते हे साऱ्या बागेला ठाऊक होते. भिंगताईंना तर फारच. बोट वर करताना आपण नेमके काय राखतो आहोत, याचा त्यांना कधी विसर पडला नाही.

त्या काचघरात वेळेला कड नसे. धुके येई, विरे, पुन्हा येई. काचेत बाहेरच्या माणसांची प्रतिबिंबे पानांतून हिंडत. कोणाचा तरी लाल फ्रॉक फांदीवर क्षणभर फुले आणि निघून जाई. दुपारी दोनच्या सुमारास, गर्दी नसताना, भिंगताईंना कित्येकदा वाटे की आपण काचेच्या अलीकडे आहोत की पलीकडे हे सांगणारे कोणी उरलेले नाही.

त्या शुक्रवारी दोन वाजताच प्राणीरक्षक मागच्या दाराने पेटीत शिरला. अंगाने जाड, स्वभावाने मोकळा असा हा माणूस, हातात फडक्याने झाकलेली डबी. त्याने डबी फांदीला टेकवली, झाकण सरकवले, आणि त्यातून पानपाल हळूच पानांत उतरली.

भिंगताई वळसा घालून मागच्या दाराशी गेल्या. “ही दुसरी आणलीत?”

“दुसरी कुठली? आपलीच ती. सोमवारी सकाळी दवाखान्यात नेली होती. शेपटीला बुरशी धरली होती. तुम्हाला कुणी बोललं नाही का?”

“सोमवारी?”

“सोमवारी.” मग त्याच्या लक्षात आले. त्याचे पोट आधी हलले, हसू मागून आले. “थांबा, थांबा! भिंगताई, तुम्ही चार दिवस लोकांना दाखवलंत काय?”

भिंगताई पुन्हा वळसा घालून समोर आल्या. नोंदयंत्राच्या छोट्या खिडकीत त्यांनी पाहिले. सोमवारपासून हिरवे बटण दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा दाबले गेले होते. लाल अकरा वेळा.

त्या खोटे बोलल्या नव्हत्या. हीच गोष्ट त्यांना सर्वांत अवघड गेली. बुधवारी तिच्या गळ्याची कातडी धडधडताना त्यांनी पाहिली होती. गुरुवारी तिने एक पाय किंचित सरकवला, आणि त्यांनी एका आजोबांना तो सरकताना दाखवला होता, आणि आजोबांनी हरखून टोपी काढली होती. ती सारी दृश्ये त्यांच्यापाशी अजून जशीच्या तशी होती, ओली आणि स्पष्ट. फक्त त्यांत पाल नव्हती.

संध्याकाळी घरी नवरा पुढच्या खोलीत शिलाई मशीन उघडून बसला होता. गिरणीत तो माग दुरुस्त करी. आता तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत शेजारपाजारची मशीने येत. खिडकीपाशी बल्ब, जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर स्क्रू ओळीने मांडलेले.

“अहो, तुम्हाला कधी नसलेली गोष्ट दिसलीय का?”

“रोज. तू म्हणतेस भाजीत मीठ आहे, आणि मला ते दिसायला लागतं.”

“चेष्टा नको.” त्यांनी सारे सांगितले. तो ऐकताना हातातला स्क्रू फिरवत राहिला.

“तू मुद्दाम केलंस का?”

“नाही.”

“मग कशाला जिवाला लावून घेतेस? चूक झाली. माणसाचे डोळे आहेत, यंत्राचे आहेत का?”

“माझं सोडा हो. मला सवयीनं दिसली. त्यांना कशी दिसली? दोनशे अठ्ठ्याऐंशी माणसं. त्यांनी तर ती जन्मात पाहिली नव्हती.”

नवऱ्याने स्क्रू खाली ठेवला. “तू म्हणालीस म्हणून दिसली. तुझ्यावर भरवसा ठेवला बिचाऱ्यांनी.”

“तेच म्हणतेय मी.”

भिंगताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आठ वर्षांत आपण एकदाही मान वर करून कोऱ्या भिंतीकडे बघितले नाही, हे त्यांना आत्ता जाणवत होते. त्या हिरव्या उजेडात पांढरी भिंतच नव्हती. डोळा केव्हा शहाणा झाला, हे कळायला काही साधन उरले नव्हते. हे चार दिवस तेवढे उघडकीस आले. त्याआधीचे किती असतील?

“साहेबांना सांगणार आहे मी,” त्या म्हणाल्या.

“सांगितलंस तर ती बटणं खोटी ठरतील. मग झाडी कापतील. तूच म्हणतेस ना, बेडकाचं काय झालं ते?”

“हो.”

“मग?”

“मग काय. माहीत नाही.”

शनिवारी त्या कचेरीत गेल्या. अधीक्षकांनी फाईल मिटवून त्यांचे पूर्ण ऐकून घेतले. बराच वेळ ते पेन टेबलावर उभे करण्याचा प्रयत्न करीत राहिले.

“ताई, हे अजून कोणाला माहीत आहे?”

“रक्षकाला. माझ्या नवऱ्याला. आणि आता तुम्हाला.”

“मग माझ्या मनात एक विचार येतो, तो बोलून दाखवतो. रागावू नका. पाल आपण मागच्या खोलीतच ठेवली तर? तिथं शांत आहे, अंधार आहे. डॉक्टरांनी तिला विश्रांती सांगितलीच आहे. इकडे झाडी राहील, तुम्ही राहाल, लोकही खूश जातील. कोणाचं काय बिघडतं, सांगा ना?”

भिंगताईंनी या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. चटकन नाही म्हणण्याइतका तो हलका नव्हता. पाल सुखी राहणार होती. माणसे सुखी होती. एकही पान तुटणार नव्हते. तरी त्या साऱ्या सुखाच्या तळाशी काहीतरी गमावले जात होते, आणि त्याला नाव देणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

“साहेब,” त्या अखेर म्हणाल्या, “लोक काचेला नाक लावून बघतात. श्वासाचा डाग पडतो. दिवसातून वीस वेळा तो मी पुसते. रिकाम्या पेटीसमोर पडलेला डाग माझ्याच्यानं पुसवणार नाही.”

अधीक्षकांनी पेन आडवे ठेवले. “मग नियम सगळ्यांना सारखा. या महिन्याची मोजणी आजपासून नव्यानं सुरू. खऱ्या नोंदी घ्या. लाल जास्त झाले तर झाडी विरळ होईल.”

“चालेल,” त्या म्हणाल्या, आणि काचघराकडे परतल्या.

त्यानंतर भिंगताईंनी बोट खाली ठेवले. देठाची गोष्ट त्या पूर्वीसारखीच सांगत, पुढे मात्र म्हणत, “आज मला अजून दिसलेली नाही. आपण मिळून बघू या.” दिसली तर दाखवीत, खात्री नसली तर नाही. खात्री आता पूर्वीपेक्षा फारच कमी वेळा येई.

लोकांना हे मानवले नाही. “मग तुम्ही इथं कशाला उभ्या आहात?” एका तरुण बापाने विचारले. “शोभेला?”

“शोभेला असते तर चांगली साडी नेसले असते,” त्या म्हणाल्या. हसू आले, पण लाल बटणही आले. त्या बटणाचा आवाज बोथट होता, पाण्यात खडा पडावा तसा. दिवसभर खडे पडत राहिले. काही माणसे मात्र पूर्वी कधी थांबली नव्हती तेवढी थांबत. एक पोक्त बाई बाकावर पाऊण तास बसून राहिल्या, डोळे पानांवर, ओठ किंचित उघडे, उठताना म्हणाल्या, “नाही दिसली बाई. पण इतका वेळ काहीच केलं नाही असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.” आणि जाता जाता, नियमाप्रमाणे, त्यांनी लाल बटण दाबले.

महिना संपला तेव्हा लाल आकडा हिरव्याच्या दुप्पट होता. हुकूम निघाला: मंगळवारी, बाग बंद असते त्या दिवशी, पानपालीची झाडी निम्मी करावी.

मंगळवारी सकाळी माळीबुवा शिडी आणि लांब दांड्याची कात्री घेऊन आले. सुकलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. बागेतल्या प्रत्येक झाडाला ते ‘अरे’ म्हणून हाक मारीत आणि माणसांना ‘अहो’. प्राणीरक्षक दाराशी उभा होता.

“हिला आधी बाहेर काढाल ना?” माळीबुवांनी विचारले.

“जमणार नाही. शेपटीची कातडी अजून कच्ची आहे. डॉक्टर म्हणालेत, तीन महिने हात लावायचा नाही. असेल तिथं राहू दे, बाकीचं कापा.”

“बरं. मग मला आधी दिसायला हवी.” माळीबुवांनी कात्री मिटून भिंतीला टेकवली. “सहा वर्षांपूर्वी सरड्याच्या पेटीत काम करत होतो. रक्षक म्हणाला, उजवीकडे आहे, डावीकडे कापा. मी कापली. ती फांदी नव्हती. तेव्हापासून माझा एक नियम आहे, साहेबांनाही सांगून ठेवलाय. ज्याच्या हातात कात्री, त्याच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. दुसऱ्याचे डोळे चालायचे नाहीत.”

रक्षकाने भिंगताईंकडे बघितले. “दाखवा तर मग.”

भिंगताई पेटीसमोर उभ्या राहिल्या. बंद बागेची शांतता काचेवर दाटली होती. त्यांनी पाने डोळ्यांसमोरून वाहू दिली, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. काही दिसले नाही. पुन्हा वाहू दिली. काही नाही. त्यांच्या मनात एक सुटकेची ऊब पसरली. दिसली नाही, तर कात्री चालणार नाही, आणि हे तर खरेच होते. इतक्यात, त्यांच्या कपाळाच्या उंचीवर, एका पानाने जीभ काढली आणि आपला पापणी नसलेला डोळा स्वच्छ पुसून घेतला.

ती तिथे होती. यात सवय नव्हती, आठवण नव्हती. इतकी स्पष्ट ती त्यांना आठ वर्षांत दिसली नसेल: पाठीवरच्या शिरा, शेपटीच्या कडेला बुरशीचा फिकट व्रण, आणि डोळ्यातली उभी, नागमोडी फट.

गप्प राहणे अगदी सोपे होते. दोन पुरुष मागे उभे होते, दोघांनाही काही कळले नव्हते. नुसती मान हलवायची होती. नसलेली पाल चार दिवस दाखवली गेली होती ती नकळत. असलेली पाल आता लपवली तर ती जाणूनबुजून लपवलेली असणार होती. आणि दुसऱ्या बाजूला ती सारी पाने होती, ज्यांच्याशिवाय या जिवाला अंग लपवायला जागा नव्हती. कोणत्याही बाजूने पाहिले तरी त्यांनाच कोणाचा तरी विश्वासघात करावा लागत होता. त्यांनी श्वास घेतला आणि बोट वर केले.

“आहे. ही इथे.” आवाज त्यांना परका वाटला.

माळीबुवा जवळ आले. वाकले. मान तिरपी केली. “कुठंय?”

“ती दोन पिवळट पानं आहेत ना, त्यांच्या मधलं तिसरं. देठ नसलेलं.”

“देठ तर मला सगळ्यांनाच दिसतोय.”

“जरा खाली. आता वर. हां, तिथेच.”

माळीबुवांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. भिंगताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. यापुढे काय होते ते त्यांना पाठ होते: भुवया वर जातात, ओठ सुटतात, आणि माणूस म्हणतो, हां हां, दिसली की. तेवढे दोन शब्द, की शिडी उघडणार. त्या त्या शब्दांची वाट बघत राहिल्या.

“नाही हो, भिंगताई,” माळीबुवा म्हणाले. “मला नाही दिसत.”

“बुवा, समोर आहे!” रक्षक म्हणाला. “ती बघा ना, ताई दाखवतायत तिथं.”

“तुम्हाला दिसतेय का?”

रक्षकाने डोळे बारीक केले, तोंड उघडले, भिंगताईंकडे पाहिले आणि तोंड मिटले. “मला... नाही. पण ताईंना दिसतेय म्हणजे असणारच.”

“असणारच की. त्या म्हणतायत म्हणजे आहेच. पण मला दिसत नाहीये, त्याला मी काय करू?”

भिंगताईंनी आणखी एकदा दाखवले. खरोखर, मनापासून, ज्या कौशल्याने त्यांनी हजारो माणसांना दाखवले होते त्या साऱ्या कौशल्यानिशी. काही हातचे राखले नाही. माळीबुवाही मनापासून बघत होते. त्यांचा श्वास काचेवर पडत होता. पाव तास गेला. मग त्यांनी खिशातून कामाची चिठ्ठी काढली, ती काचेवर धरली आणि पेन्सिलीने सावकाश लिहिले: प्राणी पेटीत आहे असे बाई सांगतात. मला दिसला नाही. काम पुढच्या मंगळवारी.

“साहेब विचारतील,” रक्षक म्हणाला.

“विचारू देत. त्यांनी यावं आणि मला दाखवावी.”

पुढच्या मंगळवारी माळीबुवा शिडी घेऊन वेळेवर आले. भिंगताईंना पाल दिसायला त्या दिवशी एक तास लागला. दिसताच त्यांनी दाखवली. माळीबुवांना ती दिसली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी ती भिंगताईंनाच दिसली नाही, आणि त्यांनी तसे सांगितले. हुकूम कचेरीतल्या फळ्यावर अजून लावलेला आहे. त्याच्या खाली टाचलेल्या चिठ्ठ्यांवर तारखा निरनिराळ्या आहेत, अक्षर एकच आहे, आणि त्यांत लिहिलेले प्रत्येक वाक्य खरे आहे.